फरशीखालची हवा

सुरुवातीलाच माफी मागतो. कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणसाचं आयुष्य त्या कामात गेलेलं असावं लागतं. या अंकात दरवर्षी असं लिहिणारे लोक निवृत्त झालेले असतात. माझी तर पदवीसुद्धा अजून हातात आलेली नाही. संपादकांनी विचारलं तेव्हा मी आमच्या वाघ सरांचं नाव सुचवलं होतं. सर म्हणाले, "मला रिपोर्टशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही. तूच लिही." आमच्या घरात लग्नपत्रिका सोडली तर छापलेल्या कागदावर कोणाचं नाव आलेलं नाही, त्यामुळे लिहिताना जरा बिचकतो आहे. पण काम मला येतं. तेवढं मात्र न अडखळता सांगू शकेन.

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी वाघ सरांच्या छोट्या कंपनीत काम करतो. पेट्रोलपंप, डेपो, जुन्या टाक्या अशा ठिकाणी आम्ही जातो आणि जमिनीतली हवा भरून आणतो. पहिल्यांदा हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने तवा खाली उतरवला.

"हवा? जमिनीत कुठली हवा?"

"असते. मातीच्या कणांमध्ये फटी असतात ना, त्यात."

"आणि ती भरून आणायला तुला ठेवलंय?"

"हो."

"बरंय. वरची फुकट मिळते, म्हणून खालची आणता का?"

वडील भाजी मार्केटमध्ये पोती उचलतात. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "जड असतं का रे सामान?"

सामान जड असतं. पण काम समजायला अवघड नाही. एखादी टाकी किंवा तिचा पाइप गळत असेल तर पेट्रोल मातीत मुरतं. वरून काहीच दिसत नाही. पण त्याची वाफ मातीतल्या फटींमधून सरकत राहते, बाजूलाही आणि वरही. शेजारी घर असेल तर फरशीच्या भेगांमधून ती घरात शिरते. आम्ही जमिनीत पहारीएवढं बारीक भोक पाडतो, त्यात एक नळी सोडतो, तळाशी वाळू घालतो आणि वर एक विशिष्ट माती भरतो. ही माती पाणी लागलं की फुगते आणि भोक गच्च बंद करते. मग जमीन शांत होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर नळीला स्टीलचा एक गोल डबा जोडायचा. त्यातली सगळी हवा आधीच काढून टाकलेली असते, म्हणून झडप उघडली की डबा जमिनीतली हवा हळूहळू आत ओढून घेतो. डबा प्रयोगशाळेत जातो. त्या हवेत काय काय आहे ते तिथे वेगवेगळं करून सांगतात.

यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपण स्वतः. नमुना घ्यायच्या दिवशी अंगाला पावडर नाही, डोक्याला तेल नाही, गाडीत पेट्रोल भरायचं ते आदल्या दिवशी. मार्कर पेननं डब्यावर लिहायचंही नाही, कारण त्या शाईलाही वास असतो. आमचे ड्रायव्हर जावेदभाई मालेगावचे. त्यांच्या घरात यंत्रमाग आणि खिशात कायम अत्तराची कुपी. सर त्यांना गाडी लांब उभी करायला लावायचे.

"साहेब, ये अत्तर बहुत हलका है," जावेदभाई म्हणायचे. "माग पर बैठनेवाले को भी पता नहीं चलता."

"जावेद, मागावर बसणाऱ्याला कळत नसेल. माझ्या मशीनला कळतं."

"तो मशीन को बोलो, जुम्मे के दिन छुट्टी ले."

त्यावर सरसुद्धा हसायचे, पण गाडी लांबच उभी राहायची.

दुसरी अडचण म्हणजे लोक. आपल्याकडे जमिनीत भोक पाडलं की माणसांना एकच गोष्ट सुचते. देवळाली कॅम्पजवळ एका जुन्या गॅरेजमध्ये आम्ही काम करत होतो. मालक एक निवृत्त सुभेदार. आम्ही यंत्र लावेपर्यंत ते नारळ, हळद, कुंकू आणि अगरबत्तीचा पुडा घेऊन आले. सर म्हणाले, "साहेब, आम्ही बोअर मारत नाही."

"माहीत आहे. पण जमीन उघडताय ना?"

"हो."

"मग झालं. तोफ डागायच्या आधीसुद्धा आम्ही नारळ फोडलाय."

अगरबत्तीच्या धुरानं हवेतली वाफ मोजणारा आमचा मीटर ओरडायला लागला असता. शेवटी तडजोड झाली. नारळ फोडला, अगरबत्ती गेटाबाहेर लावली, आणि खोबऱ्याचे हात आम्ही साबणानं दोनदा धुतले. निघताना सुभेदारांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण पाण्याचा काही अंदाज आला का?"

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण ती माझ्या स्वतःच्या कॉलनीतली आहे. जागेचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही.

आमच्या कॉलनीला लागून एका खाजगी कंपनीचा इंधनाचा डेपो आहे. आता तो बंद आहे. डेपोची भिंत, मग एक गल्ली, आणि गल्लीच्या अलीकडे आमचा बुद्धविहार. विहाराच्या खाली एक हॉल आहे, रस्त्यापेक्षा थोडा खोलगट. तिथे अभ्यासिका चालते. ज्यांच्या घरी एकच खोली आहे त्या सगळ्यांची ती खोली. मी दहावी तिथेच केली, बारावीही. गेल्या पावसाळ्यात तिथल्या मुलांची डोकी दुखायला लागली. खिडक्या बंद असल्या की कसलातरी वास येतो, असं सगळेच म्हणायला लागले. विहार कमिटीचे गायकवाडकाका, पूर्वी कचेरीत क्लार्क होते, त्यांनी रीतसर तक्रारी केल्या. शेवटी डेपोच्या कंपनीला तपासणी करून घ्यावी लागली आणि ते काम योगायोगानं वाघ सरांकडे आलं.

मी त्याच दिवशी सरांना सांगितलं, "सर, मी तिथलाच आहे. मला या कामावर नेऊ नका."

सरांनी चष्मा पुसला. "खड्डा खणायला माणूस तूच आहेस. खण. पण मीटर बघायचा नाही, झडपेला हात लावायचा नाही. आणि रिपोर्टमध्ये काय येतं ते तुला माझ्याकडून कळणार नाही. चालेल?"

"चालेल, सर."

आम्ही गेलो तो दिवस मी विसरणार नाही. डेपोच्या कंपनीतर्फे सेफ्टी ऑफिसर पवारसाहेब हजर होते. आमच्या ऑफिसातून आधी विहारात फोन गेला होता की जागा मोकळी आणि स्वच्छ ठेवा. एवढंच. हॉलचं दार उघडलं तर आत फरशी आरशासारखी चमकत होती. दारात पांढऱ्या साडीत सुभद्रामावशी उभ्या होत्या. विहार झाडण्या-पुसण्याचं काम त्या किती वर्षं करतात हे मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून त्याच करतात.

"जय भीम, या, या," त्या म्हणाल्या. मग मला बघून, "अरे सुमेध! तू पण साहेबांबरोबर? या. तुमच्यासाठी दोनदा पुसलंय."

सरांनी मीटर चालू केला आणि तो दारातच ओरडायला लागला.

सर थांबले. "मावशी, पाण्यात काय टाकलं होतं?"

"फिनेल."

"अजून?"

"अन् रॉकेल. आठवड्यातून एकदा झाकणभर टाकते. मुंग्या येत नाहीत त्यानं, फरशीला चमक राहती. आता रॉकेल मिळतं कुठं? रेशनला बंद झालं. एका कॅनमध्ये जपून ठेवलं होतं मी. आज तुम्ही येणार म्हणून सगळंच ओतलं."

त्या हसत होत्या. आपण पाहुण्यांसाठी घरातली शेवटची चांगली वस्तू काढली, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला कुठे बघावं कळेना.

पवारसाहेबांनी मोबाइलवर दाराचा, फरशीचा आणि बादलीचा फोटो काढला. "वाघसाहेब, मग हे तर सुटलंच की. दर आठवड्याला रॉकेलनं पुसतात, खिडक्या बंद, पोरं आत. डोकी दुखणार नाहीत तर काय होणार?"

हे खोटं नव्हतं. मी रसायनशास्त्र शिकतो. बंद खोलीत रॉकेलच्या वासानं डोकं दुखतं. पवारसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. बंद डेपोची जागा विकायची होती, आमच्या तक्रारीमुळे ते अडलं होतं आणि त्यांनाही वरून रोज विचारणा होत होती. सरांनी त्या दिवशीचं काम रद्द केलं. त्या दिवशी फक्त हॉलमधली हवा तपासायची होती, आणि रॉकेलनं पुसलेल्या खोलीत घेतलेल्या नमुन्याला काही अर्थ नसतो.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं होतं. कमिटीच्या बैठकीत गायकवाडकाका सरळ बोलले, "सुभद्राबाई, आम्ही इकडे कंपनीच्या नावानं अर्ज करत बसलो, आणि पोरांची डोकी तुमच्या रॉकेलनं दुखतायत."

मावशी उठल्या. हॉलची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांची नात पिंकी, नर्सिंगला जायचं म्हणून अभ्यास करते, ती आत पुस्तक घेऊन बसली होती.

"सुमेध, तू शिकलेला हायस. खरं सांग. माझ्या हातानं झालं का रे हे?"

"मावशी, अजून काहीच कळलेलं नाही."

"माझी पिंकी तिथंच बसायची. तिचं डोकं धरून मीच बाम चोळायचे रात्री. अन् सकाळी मीच जाऊन ते ओतायचे." त्यांनी हाताचे पंजे उलटसुलट करून बघितले. "बोल की. नाय म्हण."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यांना बरं वाटलं असतं. पण मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं, आणि पुढे रिपोर्ट उलटा आला असता तर माझं 'नाही' त्यांना आणखी जड गेलं असतं. मी म्हणालो, "आम्ही परत येणार आहोत. नीट तपासू." आतून पिंकी म्हणाली, "आजी, त्याला काय विचारतेस? तो त्यांचा माणूस आहे आता." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं की नुसतं सांगितलं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पण परत जायचं की नाही हेच ठरलेलं नव्हतं. कंपनीला ते प्रकरण तिथेच संपवायचं होतं. पुढच्या सुट्टीला दुसऱ्या कामावर जाताना गाडीत मी भीत भीत सरांना विचारलं, "सर, रॉकेल फरशीवर होतं. फरशीखाली काय आहे ते कुठं बघितलं आपण?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "हाच मेल सकाळी टाकलाय मी त्यांना. फरशीखाली तर बघायचंच, पण गल्लीतही बघायचं. रॉकेलचा खुलासा हॉलपुरता ठीक आहे. गल्ली कोण पुसतं?"

जावेदभाईंनी आरशातून माझ्याकडे बघून डोळा मारला.

पवारसाहेबांनी परवानगी मिळवून दिली, हे नमूद केलं पाहिजे. ते स्वतः म्हणाले, "होऊन जाऊ दे. मलाही अर्धवट कागदावर सही करायची नाही."

दरम्यान हॉल कोणी पुसलाच नाही. कमिटीनं रोज खिडक्या उघड्या टाकल्या. फरशीवर धूळ बसली, कोपऱ्यात मुंग्याही आल्या. तपासणीच्या दृष्टीनं याहून चांगलं काही झालं नसतं. मला मात्र ती धूळ बघवत नव्हती. पाऊस थांबल्यावर, जमीन कोरडी झाल्यावर आम्ही गेलो. मातीतल्या फटी पाण्यानं भरलेल्या असल्या की वाफ हलत नाही, म्हणून त्याआधी जाण्यात अर्थ नव्हता.

मी गल्लीत भोकं पाडली. एक डेपोच्या भिंतीला लागून, एक मधे, एक विहाराच्या पायरीजवळ. आणखी एक कॉलनीच्या पार दुसऱ्या टोकाला, शाळेच्या मैदानात, जिथे काही सापडायचं कारणच नव्हतं. तुलना करायला असं एक स्वच्छ ठिकाण लागतंच. हॉलच्या फरशीलाही बारीक भोक पाडलं. आपल्याच गल्लीत आपल्याच लोकांसमोर खणायचं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच माहीत.

"ए सुमेध, पाणी लागलं का?"

"पाणी नाय रे, तेल काढतोय तो. उद्यापासून गल्ली दुबई."

"कॉलेज सोडलं काय याने? खड्डे खणतोय!"

"कॉलेजातच शिकवलं असेल."

भोक नीट बंद झालंय की वरची हवा आत शिरतेय हे तपासायला आम्ही नळीभोवती स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं ठेवतो. डब्यात स्पिरिट सापडलं तर समजायचं की वरून गळती आहे आणि नमुना बाद. मी फडकं ठेवलं, तर ओट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "जमिनीला पाजताय, अन् आमच्याकडं बघत पण नाय!" सगळी गल्ली हसली. मीही हसलो. मातीचं बूच मी इतकं निगुतीनं भरलं होतं की मला त्या फडक्याची भीती नव्हती. खड्डा खणणं आणि तो बंद करणं, दोन्ही मला चांगलं येतं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

ठरल्याप्रमाणे झडप सरांनी उघडली. मीटर सरांनी आणि पवारसाहेबांनी बघितला, पडदा माझ्या उलट बाजूला ठेवून. मी समोर उभा होतो आणि मुद्दाम विहाराच्या कळसाकडे बघत होतो. भिंतीजवळच्या भोकाशी पवारसाहेब थोडा वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन त्यांनी सरांना विचारलं, "परत एकदा घेता येईल का इथलं?" सर म्हणाले, "घेऊ की." एवढंच मी ऐकलं.

सामान गाडीत भरताना मावशी समोरच्या घराच्या आडोशाला उभ्या दिसल्या. पदर तोंडाशी. मी जवळ गेलो.

"माझं हाय का रे त्यात?" त्यांनी डब्यांकडे बोट केलं.

"डबा बंद आहे मावशी. मलाही कळत नाही आत काय आहे ते."

"किती दिवस लागतील?"

"लॅब मुंबईला आहे. लागतील थोडे."

"तोवर मी विहारात येऊ नको ना?"

यावर काय बोलायचं ते वाघ सरांच्या कुठल्याच नियमात नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, वंदनेला या. वरती या." त्या आल्या नाहीत.

नंतर रिपोर्ट आला असणार. सर एक दिवस मुंबईला जाऊन आले, दोन वेळा पवारसाहेबांच्या ऑफिसात गेले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कामाच्या दिवशी आम्ही एकाच गाडीत बसत होतो, एकाच डब्यातली पोळी-भाजी खात होतो. कधीकधी मला त्यांचा राग यायचा. मग वाटायचं, हा माणूस मला सांगत नाही म्हणूनच त्याचा रिपोर्ट कोणी नाकारू शकणार नाही. त्यांच्याकडून मी रसायनशास्त्रापेक्षा हे जास्त शिकलो. पण मावशींच्या दारावरून जाताना मी सायकल जोरात मारायचो, तेही खरं.

दिवाळीच्या थोडं आधी आम्ही मालेगावच्या अलीकडे महामार्गावरच्या एका पंपावर काम करत होतो. माझे हात त्या फुगणाऱ्या मातीनं कोपरापर्यंत माखले होते आणि फोन वाजला. जावेदभाईंनी तो माझ्या खिशातून काढून कानाला लावला. गायकवाडकाका होते.

"सुमेध, रिपोर्ट कमिटीकडे आला. तुला कळलं असेलच."

"नाही काका. मला सांगायचं नाही असं ठरलंय."

ते म्हणाले, "पेट्रोल आहे रे. जमिनीतून येतंय. डेपोच्या भिंतीजवळ सगळ्यात जास्त, गल्लीत त्याहून कमी, आणि हॉलच्या फरशीखाली पण आहे. शाळेच्या मैदानात काही नाही. जुना पाइप गळत होता म्हणतात. कंपनी साफ करून देणार, लिहून दिलंय. तोवर हॉल बंद."

"आणि रॉकेल?"

"जमिनीत कुठंच नाही. हवेतला वास दोन दिवसांत उडून जातो, तो काही महिनेच्या महिने राहत नाही, असं वाघसाहेबांनी समजावलं आम्हाला."

ट्रक जात होते. मी जावेदभाईंना खूण करून फोन कानाला आणखी दाबायला लावला. "काका, मावशींना सांगितलं?"

"सकाळीच त्यांच्याकडे जाऊन आलो. बैठकीत बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. गल्लीत उभं राहून."

"काय म्हणाल्या?"

"पिंकीला हाक मारली, चपला घातल्या आणि माझ्या हातातून हॉलची किल्ली काढून घेतली. पोरांना वर गच्चीवर बसवलंय त्यांनी, शामियानेवाल्याकडून ताडपत्री आणून. आणि स्वतः खाली हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्यात. कोणालाच आत सोडत नाहीत. मलासुद्धा नाही."